पाय असलेली अक्षरे

"पायांची जाडी किती ठेवलीस?" डॉक्टर कोठावदेंनी माझ्या खांद्यावरून वाकत विचारले.

"उंचीचा पाचवा भाग. उभी रेघ तेवढी, आडवी तेवढी आणि पायही तेवढेच."

"मोजून दाखव."

मी पट्टी लावली. पांढऱ्या रंगाचे दोन हात दिलेल्या पत्र्यावर काळा टी उभा होता. त्याच्या तळाशी डावी-उजवीकडे सारखाच पसरलेला, विटेसारखा चौकोनी पाय. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलला, पट्टीवरचा आकडा वाचला आणि काही न बोलता सरळ झाले. त्यांची शाबासकी अशीच असे.

एकोणनव्वद सालचा फेब्रुवारी होता. मी पुण्याहून मराठीची एम.ए. होऊन, नवकवितेवरच्या टिपणांच्या तीन वह्या आणि निरनिराळ्या महाविद्यालयांची चौदा नकारपत्रे घेऊन खानदेशातल्या आमच्या गावी परतले होते. अक्षर वळणदार होते, म्हणून धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या दारांवरची नावे रंगवण्याचे काम मिळाले. दारे संपल्यावर डॉक्टरांनी एका जुन्या पुस्तकातले पान माझ्यापुढे ठेवले. दृष्टी तपासण्याचा तक्ता होता तो. रुग्णालयातला छापील तक्ता पिवळा पडून कोपऱ्यांत फाटला होता. त्या जागी पत्र्यावर रंगवलेला, पुसता येईल असा तक्ता त्यांना हवा होता.

"साधी, बिनपायाची अक्षरं काढली तर?" मी विचारले होते.

"नको. आणि बारीक-जाड रेघांची तर मुळीच नकोत. त्यात जाड भाग तेवढा दिसतो, बारीक बुडतो, आणि माणूस अंदाजानं ठोकून देतो. यात चोरवाट नाही, रत्नप्रभा. जेवढी रेघ, तेवढा पाय, तेवढीच मधली मोकळी जागा. नजर पक्की असेल तर सगळं दिसेल. नसेल तर सगळं एकदम जाईल."

ती अक्षरे मी आयुष्यभर पाहत आले होते, पण त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते. सूतगिरणीतून बाहेर पडणाऱ्या गाठींवर ती ठोकलेली असत. यंत्रांच्या पोटावर ओतलेली असत, औषधांच्या खोक्यांवर छापलेली असत. टंकलेखन यंत्राची अक्षरेही त्याच घराण्यातली, फक्त अंगाने हडकुळी; माझी चौदाही नकारपत्रे त्यांनीच लिहिली होती. लग्नाच्या पत्रिकेवर ही अक्षरे कधी दिसत नाहीत. जिथे ओझे आहे तिथे त्यांना उभे करतात.

आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, एकमेकांचा हात धरून. एखाद्याचा तोल गेला तरी ओळ त्याला सावरून धरते. ही मात्र जमिनीवर उभी. ज्याचे त्याचे पाय रोवलेले, शेजाऱ्यापासून हातभर दूर. रंगवताना मला राहून राहून आमचे घर आठवे.

आमचे घर म्हणजे गिरणीच्या वसाहतीतल्या दोन खोल्या आणि त्यांत दोन माणसे. आई जाऊन सहा वर्षे झाली होती. वडील, हिलाल महाजन, ज्यांना मी आणि सारे गाव आप्पा म्हणत असे, बावीस वर्षे गिरणीची बस चालवत होते. आजूबाजूच्या खेड्यांतल्या कामगार बायकांना पहाटे गोळा करून सकाळपाळीला आणायचे आणि दुपारी परत सोडायचे. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. आम्ही एकमेकांशी वाईट वागत नव्हतो. भाकरी झाली, रॉकेल संपले, पाणी आले, एवढ्यावर आमचे दिवस पार पडत.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी अचानक विचारले, "काय करून राहिली माय, दवाखान्यात?"

"डोळे तपासायचा तक्ता काढतेय."

त्यांचा घास हातातच राहिला. "तो अक्षरांचा?"

"हो."

"आमची तपासणी त्याच्यावरच होईल?"

"त्याच्यावरच. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंगळवारी गिरणीचे ड्रायव्हर येणार आहेत, डॉक्टर म्हणत होते."

"मग दाखव ना एकदा. बघू तरी, पुण्याला जाऊन पोरगी काय शिकून आली."

दुसऱ्या दिवशी मी तक्त्याचे कच्चे रेखाटन घरी आणले आणि जमिनीवर पसरले. आप्पा मांडी घालून शेजारी बसले. त्यांनी कागदाकडे पाहिले, मग मान वळवून चुलीकडे तोंड केले आणि बोटाने अक्षरांच्या कडा चाचपू लागले. कंटाळलेला माणूस असे करतो. मला वाटले, आता उठतील.

"या अक्षरांना बूट कुणी घातले?"

"बूट नाही, पाय आहेत ते आप्पा."

"बूटच आहेत. खाकी ड्रेसवर देतात तसले." ते हसले. "वाचत जा. मी ऐकतो."

मी वाचले. पहिल्या ओळीत एकटा ई. मग टी, एल. मग ओ, एफ, डी. चौथ्या ओळीत पी, झेड, एल, टी. पाचवीत ई, डी, ओ, पी, एफ. आप्पा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरे त्यांना येत, पण ती त्यांच्या जिभेवर परक्यासारखी बसत. दोनदा ऐकल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांब. हे असं ध्यानात राहायचं नाही. ई कसा दिसतो? शिडीसारखा ना? ती आपल्या गाडीच्या मागची शिडी. चला, गाडीत बसा. टी म्हणजे विजेचा खांब. एल म्हणजे लोंढ्यांच्या मळ्याजवळचं वळण. पुढं?"

"ओ."

"विहीर. पाणंदीतली. एफ?"

"एफ म्हणजे..." मला आता मजा वाटू लागली होती. "जिनिंगचं फाटक. खालची फळी गेलेलं."

"शाब्बास! आणि डी म्हणजे दर्ग्याचा घुमट, आडवा पाडलेला. पी म्हणजे शाळेचा झेंडा. झेड म्हणजे नाल्यावरचं दुहेरी वळण. तिथून परत वळण, परत खांब."

"पण आप्पा, अशा रस्त्यानं तुमची बस कुठं जाते? विहिरीनंतर जिनिंग येतच नाही."

"ही दुसरी गाडी आहे."

"आणि ती पोचते कुठं?"

आप्पांनी कागदाची कड सारखी केली. "पोचत नाही माय. नुसता रस्ता आहे तिला."

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी ती बस सुटत असे. मी भांडी घासता घासता मध्येच विचारी, "तिसऱ्या ओळीत मधोमध?" आणि ते खोलीतून ओरडून सांगत, "फाटक! एफ!" कधी चुकले तर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत, "घे, गाडी विहिरीत घातली." आम्ही हसत असू. आईच्या मागे त्या घरात हसण्याचा आवाज झाला नव्हता. पुण्याच्या वसतिगृहात खिडकीशी बसून मी ज्या घराची कल्पना करी, ते घर उशिरा का होईना, माझ्या कामाच्या निमित्ताने मला मिळाले होते, असे मी समजत होते.

मार्च लागला तेव्हा पहिला तक्ता भिंतीवर चढला. डॉक्टरांनी लगेच दुसरा काढायला सांगितला.

"तीच अक्षरं, पण क्रम वेगळा. ड्रायव्हर लोक बाहेर बाकावर बसून ऐकतात आणि पाठ करून आत येतात. मागं एक जण दार लावायच्या आत सगळं म्हणून मोकळा झाला. मी म्हटलं, बाबा, अजून दिवा लावायचाय." ते स्वतःच्या विनोदावर हसत नसत. "मंगळवारपर्यंत होईल?"

"बघते."

"नाही झाला तर राहू दे. या वेळी जुनाच लावू."

पत्रा गिरणीच्या भांडारातून मिळणार होता. तो आणायला म्हणून गुरुवारी पहाटे मी आप्पांच्या बसमध्ये बसले. त्यांच्या गाडीत मी लहानपणानंतर चढले नव्हते.

बस खेड्याखेड्यांतून भरत गेली. डबे, वेण्या, तेलाचा वास, अर्धवट झोप. इंजिनाच्या झाकणाजवळच्या आडव्या बाकावर गुंफाबाई बसली होती. चाळिशीची, रुंद कुंकवाची, सूत गुंडाळण्याच्या खात्यात काम करणारी बाई. तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता.

"ओ आप्पा, धनराजची म्हैस बघा, रस्त्यात मधोमध कशी फतकल मारून बसली!"

बस हळू झाली. "बसू दे," आप्पा म्हणाले. "तिला कुठं पाळी गाठायचीय?"

मागे बायका हसल्या.

"मास्तर आज लवकर निघाला वाटतं सायकलवर. डाव्या अंगानं चाललाय बापडा. बायकोनं हाकललं असंल."

बस उजवीकडे सरकली.

"पुढं कडब्याची गाडी. केवढा भरलाय हो, बैलं दिसंनात!"

मला ते बोलणे फार आवडले. रस्त्यावरचे गाव असे कुणी सहज बोलून दाखवावे, हे मी कवितांत शोधत आले होते. विजेचा खांब मागे गेला, लोंढ्यांच्या मळ्याचे वळण आले. आप्पा मान किंचित डावीकडे कलती ठेवून चालवत होते, जणू रस्ता नव्हे तर शेते पाहत होते. वळणावर ते मला म्हणाले, "हा बघ, तुझा एल."

नाल्यावरच्या मोरीच्या अलीकडे गुंफाबाईचा डबा घरंगळला आणि तो उचलायला ती मागे वळली. मी सहज समोर पाहिले. रस्त्याच्या दुरुस्तीसाठी डांबराची चार पिंपे उभी केली होती. बस तशीच चालली होती. मला वाटले, आता ब्रेक लागेल. आता.

"आप्पा, पिंपं!"

त्यांनी चाक फिरवले. डाव्या बाजूने पत्रा खरवडत गेल्याचा लांब आवाज आला, आरसा तुटून पडला आणि बस मोरीच्या कठड्यापाशी थांबली. कठड्याच्या पलीकडे नाला होता. पंचेचाळीस बायकांपैकी एकही ओरडली नाही.

त्या शांततेत गुंफाबाई म्हणाली, "माझंच चुकलं. मी मागं वळले."

मग मला तिचे सारे बोलणे पुन्हा ऐकू आले. त्यात मागे पडलेले काही नव्हते. आभाळ नव्हते, झाडावरचे पाखरू नव्हते. जे बसच्या समोर होते तेवढेच त्यात होते.

गिरणीच्या फाटकाशी मी तिला गाठले. "कधीपासून?"

तिने पदर डोक्यावर ओढला. "दोन पावसाळे झाले."

"आणि तुम्ही सगळ्या?"

"पाळीपाळीनं बसतो पुढं. जिची नजर चांगली ती." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "माझी पोरगी तापानं फणफणली होती ताई, तेव्हा फाट्यावर गाडी अर्धा तास उभी ठेवली आप्पांनी. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. असल्या माणसाला तुला दिसत नाही म्हणून कोण सांगंल? तुम्ही सांगाल?"

भोंगा झाला आणि ती आत गेली.

त्या संध्याकाळी आप्पांनी स्वतःच रेखाटन पसरले. मी बसले नाही.

"आप्पा, मंगळवारच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवू या. मी येते बरोबर."

"मंगळवारी दाखवायचंच आहे."

"मी वेगळं म्हणतेय."

"मला समजतं तू काय म्हणते ते." त्यांचे तोंड चुलीकडे होते. "दोन वर्षं राहिली. बावीस वर्षांत एक कोंबडी मेली नाही माझ्या चाकाखाली. रस्ता मला ओळखतो माय."

"पिंपं ओळखत नाहीत, आप्पा."

मग त्यांनी कागद माझ्या दिशेने सरकवला. "वाच. शेवटची ओळ अजून चुकते."

मी वाचली. ई, डी, ओ, पी, एफ. शिडी, घुमट, विहीर, झेंडा, फाटक. त्यांनी म्हटली आणि या वेळी ती चुकली नाही. तीन आठवडे आमच्या घरात ते हसणे कशासाठी आले होते, ते मला तेव्हा समजले. तरीही मी पुन्हा वाचली, कारण ते बोट कागदावरून फिरताना मला त्यांच्याशेजारी बसायला मिळत होते.

रविवारी दुपारी रुग्णालय बंद होते. मागच्या खोलीत मी दुसरा पत्रा टेकवला आणि पेन्सिलीने चौकटी आखल्या. पाच आडव्या, पाच उभ्या. हे काम मी लांबवू शकत होते. रंग वाळला नाही, एवढे म्हटले असते तरी डॉक्टरांनी जुना तक्ता लावला असता. आप्पांना नवा क्रम सांगणे तर त्याहून सोपे होते. मी ई काढला. खाली टी आणि एल काढले. पहिल्या दोन ओळी होत्या तशाच ठेवल्या. का, ते मला तेव्हाही सांगता आले नसते. तिसऱ्या ओळीत ओच्या जागी डी काढला. त्याचे दोन्ही पाय मी दोनदा मोजले. खालच्या ओळी संपेपर्यंत खिडकीतले ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आले होते.

सोमवारी जेवताना आप्पांनी विचारले, "तो दुसरा पत्रा नेला होतास. त्याचं काय झालं?"

"वाळायचाय अजून."

"म्हणजे उद्या?"

"उद्या जुनाच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग आपल्या ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

मंगळवारी गिरणीचे चार ड्रायव्हर बाकावर बसले होते. कंपाउंडर रजेवर होता, म्हणून डॉक्टरांनी तक्त्याशेजारी उभे राहून काठी धरायला मला सांगितले. आप्पांचा नंबर तिसरा. ते इस्त्रीचे खाकी कपडे घालून आले होते. वीस फुटांवरच्या खुर्चीत बसून त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. तक्त्यावरचा दिवा लागला.

"एक डोळा झाका. समोर बघा."

"बघतो ना साहेब."

"समोर नाही बघत तुम्ही आप्पा. भिंतीकडं बघताय. मान सरळ ठेवा."

त्यांनी मान सरळ केली. मी काठी पहिल्या अक्षराखाली धरली.

"ई."

दुसरी ओळ. "टी. एल."

मी काठी तिसऱ्या ओळीतल्या डीखाली ठेवली.

"ओ," आप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज स्वच्छ होता, खणखणीत, थोडासा अभिमानाचाही. "एफ. डी." मी काठी हलवली नव्हती. "पी. झेड. एल. टी." त्यांनी वळणे घेतली, खांब मागे टाकले. मला ती बस ऐकू येत होती. डॉक्टरांनी त्यांना अडवले नाही. बाहेरच्या बाकावरचा खोकलाही थांबला होता. "ई, डी, ओ, पी, एफ," आप्पांनी शेवटची ओळ एका दमात म्हटली, आणि मी जिथे उभी असेन असे त्यांना वाटले, तिकडे पाहून हसले. "झालं."

"आप्पा," डॉक्टरांनी विचारले, "काठी कुठं आहे?"

"अं?"

"काठी. आत्ता कुठं आहे?"

आप्पांनी पुन्हा मान जराशी वळवली. "शेवटी," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीत."

"तिसऱ्या ओळीत, पहिल्या अक्षराखाली आहे. तिथून हललेलीच नाही."

गुडघ्यांवरची त्यांची बोटे हळूहळू वळली. मग त्यांनी विचारले, "पाटी दुसरी आहे?"

"हो."

डॉक्टर त्यांना आतल्या खोलीत नेऊ लागले तेव्हा मी पुढे झाले, पण आप्पा म्हणाले, "तिला बाहेर बसू द्या." अर्ध्या तासाने डॉक्टर एकटेच बाहेर आले. "डोळ्याच्या पाठीमागचा पडदा सुकत चाललाय. चष्म्यानं भागणार नाही, औषधही नाही. गाडी आजपासून बंद. मी गिरणीला लिहितो." मग ते थांबले आणि म्हणाले, "तक्ता वेळेत झाला, बरं झालं." आयुष्यात त्यांनी मला तोंडाने दिलेली ती एकच शाबासकी.

रुग्णालयाच्या पायऱ्यांवर मी आप्पांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"तूच काढलीस ना नवी?"

"हो."

"अक्षरं तीच?"

"तीच. जागा बदलल्या."

त्यांचे तोंड आवारातल्या कडुलिंबाकडे होते. "पाय नीट आले?"

"आले, आप्पा."

ते त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. गिरणीने त्यांना भांडारात बसायचे काम दिले, ते त्यांनी दोन वर्षे केले. संध्याकाळी बस सुटणे बंद झाले. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि मी खोलीत आले की तोंड खिडकीकडे वळवत. पहिल्यांदा मला वाटले, बाहेर काही असेल. मग मी पाहत राहिले. मी चहा दिला, बोलले, समोर बसले; दर वेळी तो चेहरा त्याच एका सवयीने माझ्यापासून दूर जाई. शेजारचे कुणी आले तर काय होते, ते पाहायला मी थांबले नाही. मला माझे उत्तर मिळाले होते. जूनमध्ये पुण्याच्या एका छपाईसंस्थेत अक्षरे रेखाटण्याची नोकरी मिळाली, तेव्हा मी एका पिशवीत आपले सामान भरले.

"जा माय," ते खिडकीला म्हणाले.

नंतर अकरा वर्षे मी दिवाळीत तीन दिवस येत असे. खिडकीलगतच्या भिंतीला लावलेल्या पलंगावर मी बसे, ते खुर्चीत. एका दिवाळीला ते म्हणाले, "बारीक झालीस." तेव्हाही त्यांचे तोंड गजांकडे होते. म्हातारी माणसे लेकीला हे म्हणतातच, म्हणून मी ते तिथेच सोडून दिले. पुण्यात मी कितीतरी घराण्यांची अक्षरे काढली. जाड पायांच्या अक्षरांचे काम आले की मी ते दुसऱ्याला देत असे.

आप्पा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत मी घरी राहिले. एका दुपारी गुंफाबाई भेटायला आली. केस पिकले होते, कुंकू तेवढेच रुंद होते. तिने पलंगावर बसून डोळे पुसले, मग आईच्या मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"एक सांगू ताई? त्या मंगळवारनंतर आम्हाला झोप लागायला लागली. दोन पावसाळे आम्ही देवाचं नाव घेत गाडीत बसत होतो. बोलायची एकीचीही छाती नव्हती. तुम्ही केलं."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आप्पांना राग नव्हता हो. आधी गाडीत आणि मग शेवटपर्यंत तुमचंच पुराण असायचं. पोरीनं अशी अक्षरं काढली, पोरीनं तशी काढली. बूट घातलेली अक्षरं." ती हसली आणि पुन्हा डोळे पुसले. "नंतरही भांडारात जाऊन बसायची मी त्यांच्यापाशी. बसले की लगेच ते मान फिरवायचे दाराकडं. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा तोंड फिरवतो. आम्हाला पहिल्यापासून ठाव होतं."

"काय?"

"अहो, मधलं गेलं होतं ना त्यांचं. समोर बघितलं की माणसाचं तोंडच पुसलं जातं, म्हणायचे. कडेचं तेवढं दिसायचं. म्हणून ज्याला बघायचं त्याच्यापासून मान वळवायची." तिने माझ्याकडे पाहिले. "तुम्हाला नव्हतं सांगितलं त्यांनी?"

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. सकाळपाळी सुटली असावी.

गुंफाबाई गेल्यावर मी दार लोटले. खुर्ची अजून खिडकीजवळच होती. तिची पाठ डोके टेकून टेकून एका जागी काळी झाली होती. मी तिच्यात बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खिडकीच्या गजांकडे वळवली. डोळ्याच्या कडेला तो पलंग उशापासून पायथ्यापर्यंत पुरा दिसत होता.